महाप्रसादाचं नाव

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण आमच्या भागात महाप्रसादाचंही नाव घ्यायचं नसतं, हे बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं. दोन गडी असतात, जात वेगळी, गाव वेगळं, पण एकमेकांवर जीव जडतो. मग देवासमोर उभं राहून ते एकमेकांच्या तोंडात प्रसाद घालतात, नारळाची अदलाबदल करतात आणि तिथून पुढे सख्ख्या भावापेक्षा जवळचे होतात. याला आम्ही महाप्रसाद बदणं म्हणतो. त्यानंतर अरे-तुरे संपलं. भेटले की 'सीताराम महापरसाद' म्हणायचं आणि मरेपर्यंत नाव तोंडातून काढायचं नाही. नाव काढलं की बदलेलं मोडलं.

माझ्या घरवाल्यांनी बोरटोल्याच्या नत्थूलाल पोवारांशी महाप्रसाद बदला. हे नाव मी इथे एकदाच लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही. घरवाल्यांचं नाव लोकांच्या तोंडून कळेलच. स्वराज्य मिळालं त्याच्या पुढची शिवरात्र होती, आम्ही सगळे प्रतापगडच्या जत्रेला गेलो होतो, आणि मी केशोरीत नवी नवरी होते. माझी सासू सुलोचनाबाई साक्षीला उभी होती. आपल्याला आणखी एक पोरगा झाला म्हणून ती परतीच्या वाटेवर बैलबंडीत गाणी म्हणत बसली.

दोघांना जोडलं ते हुतूतूनं. माझे घरवाले चढाईचे गडी. दम असा की पलीकडच्या अंगणात शिरले की 'हुतूतू' संपायचं नावच घेत नसे, आणि कोणाला शिवून रेघेवर कधी परतले ते धुरळा खाली बसल्यावर कळायचं. अंगात ताकद होती आणि डोक्यात त्याहून जास्त वारं. हरले की दोन दिवस जेवायचे नाहीत, आणि पोट रिकामं असल्याचा राग माझ्यावर काढायचे. महाप्रसादांचा स्वभाव अगदी उलटा. बोलणं कमी, हात मोठे. ते पकडीचे गडी. त्यांनी एकदा पाय धरला की तो सुटत नसे. एका संघात हे दोघे असले की आसपासच्या गावांनी खेळायला यावं तरी कशाला, असं लोक म्हणायचे.

पण बोरटोल्याची पोरं वाढली, आणि त्यांनी आपला वेगळा संघ उभा केला. पहिल्या निवडणुकीची गडबड चालू होती त्या सालची गोष्ट. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा खेळ, रात्री दंडारीचं नाचगाणं, पाहुण्यांनी घर भरलेलं. केशोरीच्या मंडईत आमचा संघ आणि बोरटोल्याचा संघ समोरासमोर आले. गावचे वडीलधारे भैयाजी मंडईचं सगळं पाहायचे. ते म्हणाले, "बदलेले गडी आमनेसामने नोको. एकानं बसावं."

माझे घरवाले हसले. "खेळात कायचा महापरसाद? महापरसाद, तुमी मले खुशाल धरा. मुद्दाम सोडलं तं मी राग धरीन, सांगून ठेवतो."

"तुमी म्हनता तं धरतो," महाप्रसाद म्हणाले. ते हसले नाहीत, हे मला बायकांच्या घोळक्यातूनही दिसलं.

शेवटची चढाई होती. आमच्या घरवाल्यांनी दोन गडी शिवले आणि वळले. रेघ हातभर राहिली असेल तोच महाप्रसादांनी खाली सूर मारून त्यांचा घोटा धरला. धरला म्हणजे धरला, ओढला नाही, मुरगळला नाही. दम संपत आला होता, आवाज फाटला होता. कोणीही शहाणा गडी अशा वेळी जमिनीवर पडून राहतो आणि गेलो म्हणून हात वर करतो. पण हे शहाणे नव्हते. रेघेला हात लावायचाच म्हणून त्यांनी कंबरेतून सगळं अंग गर्रकन फिरवलं. पाय जागेवर, अंग उलटं. वाळलेली काठी मोडावी तसा आवाज आला आणि माझ्या हातातला पानाचा विडा खाली पडला.

महाप्रसादांनी तेव्हाच हात सोडला होता. ते गुडघ्यावर बसून म्हणत होते, "महापरसाद, महापरसाद, हालू नका." आणि माझे घरवाले धुळीत पडल्या पडल्या सगळ्या मंडईला ऐकू जाईल असे ओरडले, "नत्थ्या! पाय तोडला रे तू माजा!"

पिपाणीवाला वाजवायचा थांबला. भैयाजींनी डोळे मिटून घेतले. महाप्रसादांनी दोन्ही हात जोडले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. दुखण्याच्या भरात माणूस काहीही बोलतो, असं मी स्वतःला सांगितलं. दुखणं उतरलं की तो शब्द परत घेतील, असं मला खरंच वाटलं होतं.

दुखणं उतरलं नाही. हाड बसवणाऱ्यानं तेल चोळून, बांबूच्या कामट्या बांधून पाहिलं. मग बैलबंडी आणि पुढे रेल्वे करून गोंदियाला नेलं, तिथले डॉक्टर गुडघा दाबून म्हणाले, "चलने लायक हो जाएगा, खेलने लायक नहीं." ते ऐकून घरवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हे मीच बोलले.

महाप्रसाद दुसऱ्याच दिवशी नारळ घेऊन आले होते. मी डोक्यावर पदर घेऊन दारात पाट मांडला. आतून आवाज आला, "त्याले सांग, अठी त्याचा कोनी राहत नाई." मला ते सांगावं लागलं नाही. त्यांनी ऐकलं होतं. नारळ उंबऱ्यावर ठेवून ते गेले. सासू त्यांच्यामागे वेशीपर्यंत रडत गेली.

मग कापणी आली. धान शेतात उभा, आणि घरचा गडी खाटेवर. एका सकाळी मी शेतावर गेले तर महाप्रसाद विळा घेऊन आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, वाकलेले. सगळं शेत कापून होईपर्यंत ते रोज आले. आमच्या घरचं पाणी प्यायले नाहीत, भाकर सोबत आणायचे. मी घरी येऊन सांगितलं. वाटलं, आता तरी विरघळतील. ते म्हणाले, "कापू दे. त्याले कापाची सवयच हाय." त्या दिवशी मी भांडं आपटलं. नवऱ्यापुढे भांडं आपटायची ती माझी पहिली वेळ, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

त्यानंतर महाप्रसाद आले नाहीत. बोलावल्याशिवाय किती वेळा यावं माणसानं?

पुढची काही वर्षं आमच्या घरात फार वाईट गेली. मंडई आली की हे दार लावून बसायचे. 'हुतूतू' असा आवाज गल्लीतल्या लेकरांनी केला तरी काठी उगारायचे. नांगर धरता येईना, चिखलात पाय रुतला की गुडघा दगा द्यायचा. रोवणीला आमच्या बांधीत बायका, आणि हे बांधावर बसून सगळ्यांच्या चुका काढणार. लोकांना त्यांची कीव यायची. मला कधी कीव यायची, कधी संताप, आणि बहुतेकदा दोन्ही एकदम.

त्यांना माणसात आणलं ते भैयाजींनी. आमचा भाग मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडला, त्या सालची मंडई. खेळाला पंच मिळेना. जो पंच व्हायचा त्याला दुसऱ्या गावची पोरं मारायला धावायची. भैयाजी घरी आले आणि म्हणाले, "बकाराम, पाय मोडला तुजा, डोरे तं नाई मोडले. चाल उठ." सासूनं धोतर काढून दिलं. हे कुरकुरत गेले.

रेघेजवळ त्यांच्यासाठी एक घडवंची ठेवली होती. तिच्यावर बसून त्यांनी जन्मात पहिल्यांदा हुतूतू पाहिला, असं मी म्हणेन. तोवर ते फक्त खेळले होते. पहिल्या दिवशी त्यांनी केशोरीच्या बाजूनं एक निकाल दिला, आणि तो खोटा होता. बाहेरगावची पोरं ओरडली. हे काठी टेकत उठले आणि म्हणाले, "माजं चुकलं. आपला गडी गेला." केशोरीच्या लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. घरी येऊन ते पोटभर जेवले. एवढ्या वर्षांत हरल्यावर जेवलेले मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

तिथून माणूस बदलत गेला. बकाराम पंच असला की भांडण होत नाही, अशी ख्याती झाली. लांबच्या गावांहून बंडी जुंपून न्यायला यायचे. गावातल्या पोरांना ते संध्याकाळी शिकवू लागले. आधी स्वतःच्या चढाईपुढे दुसऱ्याला पुढे येऊ द्यायचे नाहीत, आता टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, गोंडाच्या पोराला पुढे काढून म्हणायचे, "तुजा दम माज्याहून मोठा हाय." मला विहिरीवरून पाणी आणून द्यायला लागले, तेही दिवसाढवळ्या, लोक हसले तरी. सासू मरायच्या आधी म्हणाली, "रुख्मा, पाय गेला आन पोरगा आला." तिला समाधान होतं. मला अर्धंच होतं. साऱ्या मुलखाला न्याय देणारा हा माणूस एका माणसाविषयी अवाक्षर काढत नव्हता. बोरटोल्याच्या मंडईचं बोलावणं आलं की त्यांचा गुडघा हमखास दुखायचा.

आणि मग इळद्याकडच्या एका मंडईत ते घडलं. मीही सोबत गेले होते. आमचा दुधराम चढाईला गेला होता. हा आमच्या घरवाल्यांचा लाडका चेला, तसाच तापट. परतताना एका गड्यानं त्याचा घोटा धरला. रेघ जवळ होती. दुधरामनं कंबर फिरवायला सुरुवात केली, आणि माझे घरवाले पंचाची घडवंची लाथाडून उभे राहिले.

"दुधराम, पड! पडून राह! फिरू नोको!"

दुधराम दचकून खाली पडला. गडी गेला, डाव गेला, केशोरी हरली. पंचानंच ओरडून आपल्या गावाला हरवलं म्हणून कोणी हसलं, कोणी चिडलं. ज्यानं पाय धरला होता तो गडी घाबरून बाजूला उभा होता. माझे घरवाले लंगडत त्याच्याकडे गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या हातांवरची धूळ झटकली.

परतीच्या वाटेवर बंडीत बराच वेळ ते बैलांच्या शेपट्या बघत होते. मग म्हणाले, "त्यानं फक्त धरला होता वो. फिरलो मी."

कोणाविषयी बोलताहेत हे विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "हव."

"तुले ठाऊक होतं?"

"मी तठीच होती. साऱ्या मंडईनं पायलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"आयकलं असतं का तुमी?"

ते रडले. बंडी हाकणारा पुढे बघत राहिला, आणि मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. त्या वेळी मला बरं वाटलं, हे लपवत नाही. आता सगळं सरळ होईल असं वाटलं. उद्याच बोरटोल्याला जाऊ, असं तेच म्हणाले.

तो उद्या काही लवकर उगवला नाही. आधी कापणी, मग मळणी, मग भाच्याचं लग्न. मोडलेला महाप्रसाद पुन्हा बदता येतो का, हे त्यांनी भैयाजींना विचारलं. भैयाजी म्हणाले, "कोनी केल्याचं मी आयकलं नाई. पन जाऊन पाय. देव तोच हाय." शिवरात्रीला प्रतापगडला जाऊन ते प्रसाद घेऊन आले आणि कोनाड्यात ठेवला. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. मंडईत दहा गावांसमोर चूक कबूल करणारा माणूस, एका अंगणात पाऊल टाकायला मात्र धजत नव्हता. कोनाड्यातला प्रसाद वाळला, त्याला मुंग्या लागल्या, आणि रोवणीच्या दिवसांत मी तो नदीत सोडला. पुढच्या शिवरात्रीला ते पुन्हा प्रसाद घेऊन आले, तेव्हा मी घरात शिरूच दिलं नाही. म्हटलं, "असेच चाला. मी बी येईन सोबत."

नदीला घोट्याएवढं पाणी होतं. ते ओलांडून बोरटोल्यात शिरलो तर महाप्रसादांच्या अंगणात दोन लेकरं खेळत होती. घरवाल्यांची लंगडी चाल बघून थोरली पोर आत धावली. "माय वो, महापरसाद आले! केशोरीचे महापरसाद आले!"

घरवाल्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला लग्नातला आठवला. म्हणजे या घरात ते अजून महाप्रसादच होते. लेकरांना दुसरं नाव शिकवलंच नव्हतं.

महाप्रसाद बाहेर आले. केस पिकले होते. त्यांनी सपरीत, म्हणजे ओसरीवर, खाट टाकली, तांब्यानं स्वतः पाय धुवायला पाणी दिलं, आणि दुखऱ्या पायावर पाणी ओतताना हात हळू केला. सगळा मान दिला. हाक मात्र कशानंच मारली नाही. "या" म्हणाले, "बसा" म्हणाले.

त्यांच्या घरवालीनं, गिरजानं, मला आत नेलं. चुलीपुढे बसून ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवसापासून हुतूतू खेरले नाईत ते. कोनाचा पाय धरला तं हात कापतेत म्हनतेत. पन तुमचे मालक पंच झाले ना, तवापासून एक मंडई चुकवली नाई. लोकायच्या मांगं उभे राहतेत. पायतेत आन येतेत घरी." इतकी वर्षं एक माणूस गर्दीच्या मागे उभा होता, आणि आमचा पंच दर वेळी रेघेकडे बघत बसला होता.

सपरीतलं बोलणं आतून ऐकू येत होतं. माझे घरवाले कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "तुमी धरलं, तो खेळ होता. धरा म्हनून मीच सांगतलं होतं. फिरलो मी. पाय माज्यानं मोडला, आन तुमचं नाव मी बुडवलं."

सपरीत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मले ठाऊक होतं," महाप्रसाद म्हणाले. "त्याच दिशी."

"मंग गावाले सांगतलं काऊन नाई? मले सांगतलं काऊन नाई?"

"मी सांगाची गोष्ट नोहोती ते. तुमच्या तोंडून आयकाची होती."

मी दाराशी येऊन उभी राहिले. घरवाल्यांनी फडक्याची गाठ सोडून प्रसाद पुढे केला. महाप्रसादांनी ओंजळ पुढे करून तो घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. देवाच्या प्रसादाला नाही कोण म्हणणार? पण आपल्या हातानं उचलून त्यातला कण त्यांनी घरवाल्यांच्या तोंडात घातला नाही. उरलेला लेकरांना वाटला. घरवाले तोंड किंचित उघडं ठेवून बसले होते. ते त्यांनी हळूच मिटलं. ते बघवलं नाही मला.

"लेकरं म्हनतेत मले महापरसाद," घरवाले म्हणाले. "तुमी बी एक डाव म्हना."

महाप्रसादांनी मान खाली घातली. रागाचा लवलेश नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं असतं, राग कधीतरी जातो. ते म्हणाले, "म्हनून पायतो मी. शेतात एकटा असलो का म्हनून पायतो. ते 'नत्थ्या' आधी आयकू येते, आन मंग निंगत नाई. तुमचं नाव बी कधी घेतलं नाई मी. ते घेवाचं नाई म्हनून बदलो होतो. आता दोनीतलं एक बी येत नाई तोंडात. मी काय करू, तुमीच सांगा."

घरवाल्यांनी रिकाम्या फडक्याची घडी घातली. एक वर्ष आधी आलो असतो तर वेगळं झालं असतं का, नारळ घेऊन आले त्या दिवशीच आत बोलावलं असतं तर, कापणीला निदान तांब्याभर पाणी पाठवलं असतं तर, हे सगळं मी त्या सपरीच्या दारात मनात मोजलं. मोजून काही उपयोग नव्हता. गिरजानं आग्रहानं जेवू घातलं. भात होता, कोहळ्याची भाजी होती. दोघे पुरुष शेजारी बसून धानाबद्दल, बैलांबद्दल बोलले. आम्हाला कोणी बाहेरून पाहिलं असतं तर दोन चांगल्या घरांचा पाहुणचार चाललाय, एवढंच दिसलं असतं.

निघताना महाप्रसाद नदीपर्यंत पोचवायला आले. पाहुण्याला पाण्यापर्यंत सोडायची रीत आहे, तेवढी त्यांनी पाळली. आम्ही पाण्यात उतरलो. मध्ये शेवाळलेले दगड होते. घरवाल्यांचा दुखरा पाय एकावर घसरला आणि मागून आवाज आला, "ओ..."

आम्ही थांबलो. तो आवाज हाक मारायला निघालेला होता, पुढे शब्द यायचा होता. माझे घरवाले मागे वळले नाहीत. पाण्यात काठी रोवून, मान थोडी कलती करून ते नुसते उभे राहिले. त्यांचा श्वाससुद्धा थांबला होता. इतका दम त्यांनी खेळातही कधी धरला नसेल. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो, एकदा म्हणा.

"...पाय सांभारून," महाप्रसाद म्हणाले.

घरवाल्यांनी "हव" म्हटलं. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही नदी पार केली.